मोटारींची मंडळी आणि त्यांचे दफ्तर

मोटारगाडी सरकारी नोंदवहीत एकाच नावावर असते, तिचा कर एकाच खिशातून जातो, आणि तिच्या चाकाशी बसणारा माणूसही एका वेळी एकच असतो. असे असूनही पहिल्या मोटारी रस्त्यावर आल्या त्याच सुमारास त्यांच्या मालकांना एकत्र येऊन मंडळी स्थापण्याची निकड भासावी, ही गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते खरी, पण त्या काळचे कायदे चाळले की तिचे कारण सहज ध्यानात येते. इंग्लंडात १८६५ च्या कायद्याने स्वयंचलित वाहनाला गावात ताशी २ मैल आणि गावाबाहेर ४ मैल अशी मर्यादा घालून दिली होती, आणि वाहनापुढे लाल निशाण घेऊन चालणाऱ्या माणसाची तजवीज सक्तीची केली होती. निशाणाची अट १८७८ साली सैल झाली, तरी वेगाचा जाच राहिलाच. तो १४ नोव्हेंबर १८९६ रोजी नव्या कायद्याने संपला, त्याच दिवशी लंडनहून ब्रायटनपर्यंत मोटारी हाकून आनंदोत्सव झाला, आणि पुढच्या वर्षी फ्रेडरिक सिम्स या उद्योगी गृहस्थाने ग्रेट ब्रिटनचा ऑटोमोबाइल क्लब स्थापन केला. फ्रेंचांनी याही बाबतीत आघाडी मारली होती. कौंट द दियों आणि त्याच्या स्नेह्यांनी पॅरिसमध्ये १८९५ सालीच असा क्लब काढला होता. इंग्रजी क्लबाने १९०० साली हजार मैलांची फेरी काढून, ज्या परगण्यांतील लोकांनी मोटार कधी पाहिलीही नव्हती त्यांना ती धावताना दाखवली, आणि १९०७ साली एडवर्ड बादशहाकडून ‘रॉयल’ हे उपपद पदरात पाडून घेतले.

परंतु क्लब म्हणजे सरदार-उमरावांची बैठक नव्हे, तो फिर्यादी लोकांचा जमावही असू शकतो, हे दाखवून दिले १९०५ साली लंडनच्या एका उपाहारगृहात जन्मलेल्या ऑटोमोबाइल असोसिएशनने. १९०३ च्या कायद्याने ताशी २० मैलांची मर्यादा ठरली होती, आणि ती ओलांडणाऱ्यांस पकडण्यासाठी पोलीस कुंपणाआड घड्याळे घेऊन दबा धरून बसत. त्यावर असोसिएशनने सायकलस्वार पहारेकरी नेमले, सभासदांच्या गाड्यांवर बिल्ला लावला, आणि पुढे सापळा असेल तर गाडीवानास अगोदर इशारा देण्याची व्यवस्था केली. अशा प्रकारे सावध करणे म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा आणणे होय, असा निवाडा न्यायालयाने दिला, तेव्हा या मंडळींनी हार न मानता रिवाजच उलटा फिरवला: बिल्ला दिसताच पहारेकऱ्याने एरवी सलाम करावयाचा, आणि तो न झाल्यास सभासदाने थांबून त्याचे कारण विचारावयाचे. सलाम करणे हा एखादे वेळी अपराध ठरवता येईल, पण सलाम न करणे कोणत्या कलमाखाली आणणार? कायद्याचे पालन करून कायद्याला हुलकावणी देण्याचे इतके देखणे उदाहरण आमच्या मुनसफी कोर्टांच्या इतिहासातही क्वचितच सापडेल.

पुढे रस्ते झाले, परवाने आले, मोटार मध्यम वर्गाच्या दारी पोचली, आणि तक्रारीच्या पायावर उभ्या राहिलेल्या या संस्था प्रवाशांची सोय पाहणाऱ्या कचेऱ्या बनल्या. क्लबाचा खरा दुसरा जन्म झाला तो मोटार म्हातारी झाल्यावर. १९३० साली ब्रायटनच्या फेरीनंतर जमलेल्या काही हौशी मंडळींनी अगदी आरंभकाळातील गाड्यांसाठी ‘व्हेटरन कार क्लब’ काढला. १९३४ साली ‘व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब’ निघाला, आणि त्याने आपली सीमारेषा १९३० च्या अखेरीवर आखली, कारण त्यानंतर कारखानदारांनी खर्च वाचवण्याच्या नादात गाडीतले कारागिरीचे अंग गमावले, असे त्याच्या संस्थापकांचे ठाम मत होते. हे लोक धनिक नव्हते. ज्यांना नवी चांगली गाडी परवडत नव्हती आणि नवी वाईट गाडी नको होती, अशा तरुणांनी मोडीच्या भावाने जुनी गाडी घेऊन ती आपल्या हाताने उभी केली, यातच त्या क्लबाचे सत्त्व होते. १९३९ च्या ‘७५० मोटर क्लब’ची कथा याहून बोलकी आहे. १९२२ साली निघालेली ७४७ घनसेंटिमीटर इंजिनाची चिमुकली ऑस्टिन सेव्हन ही त्याची आराध्य देवता. आणि पुढे लोटस ही स्पर्धा-मोटारींची नामांकित कंपनी स्थापणाऱ्या कॉलिन चॅपमनने आपली पहिली गाडी अशाच एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवर बांधली. मोटारीचा शौक रईसांनीच करावा, हा आपल्याकडील समज तिकडे निदान नव्वद वर्षांपूर्वीच निकालात निघाला होता.

आपल्या देशात पहिल्या पिढीच्या संस्था बऱ्याच लवकर आल्या. कलकत्त्याची असोसिएशन १९०४ ची, मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ ची. स्वतःची मोटार घेऊन सरहद्दीपार जाणाऱ्या प्रवाशास, परमुलखाची जकात न भरता गाडी तात्पुरती नेता यावी म्हणून ‘कार्ने’ नामक जी सनद लागते, ती आजही मुंबईच्या या संस्थेकडून मिळते. सनदधारक गाडी परत न आणील तर जकातीची हमी संस्थेच्या शिरावर, म्हणून तो कागद मिळवताना अनामतीचा बंदोबस्त अगोदर करावा लागतो. दुसऱ्या पिढीचा आरंभ १९६४ साली ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राने दिल्लीत भरवलेल्या जुन्या मोटारींच्या फेरीपासून धरता येईल. मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब उभा राहिला. त्याचे एक आधारस्तंभ प्राणलाल भोगीलाल यांनी अहमदाबादजवळ कठवाडा येथे शंभराहून अधिक गाड्यांचा संग्रह जतन केला. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा तिच्याभोवती जमणारी गर्दी पाहिली, तर जुन्या यंत्राविषयीचे ममत्व आपल्या समाजात नाही असे कोण म्हणेल?

तरीही एक गोष्ट मनास खटकते. आपल्याकडील पुष्कळशा क्लबांचे सारे चैतन्य वर्षाकाठच्या एका मिरवणुकीत एकवटलेले असते. फेटे, बॅण्ड, पाहुणे, छायाचित्रे, ढाल-चषक, आणि दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा आच्छादनाखाली. देव वर्षातून एकदा पालखीत बसवावा तशी मोटार मिरवावयाची, आणि उरलेल्या दिवसांत तिच्या गास्केटांची चिंता एकट्या मालकाने वाहावयाची, ही काही क्लबाची व्याख्या नव्हे. मला विचाराल तर क्लबाची परीक्षा त्याच्या मिरवणुकीवर करू नये. त्याच्या दफ्तरात कोणत्या भागाची नोंद आहे आणि त्याच्या ओळखीत किती मिस्त्री आहेत, यावर करावी.

हे म्हणणे पटवण्यास मुंबईच्या पद्मिनीसारखा दाखला नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रथम अमेरिकन बनावटीच्या गाड्या आणि पुढे फियाट बाहेर पडू लागल्या. १९६४ ची ११०० डिलाइट हीच नाव बदलत बदलत प्रथम ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ झाली: १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, सुकाणूच्या दांड्यावर बसवलेला गिअर, आणि पुढे सलग बाकडे. कारखाना थंडावला, गाडी मात्र काळी-पिवळी टॅक्सी होऊन धावत राहिली. ताडदेवच्या परिवहन कचेरीत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली. त्या टॅक्सींबरोबर केवळ गाड्या गेल्या नाहीत. त्यांच्यावर ज्यांचा चरितार्थ चाले ते गल्लीबोळांतील मिस्त्री, बुश आणि रबरे ठेवणारे दुकानदार, कार्ब्युरेटर कानाने जुळवणारे उस्ताद, यांचाही धंदा सरला. ज्याच्या घरी खासगी पद्मिनी आहे, त्याला कालपर्यंत एखाद्या भागासाठी टॅक्सीवाल्याच्या मिस्त्रीकडे जाणे पुरे होते. आता त्याला पुण्याच्या नाना पेठेत जुना माल धुंडाळावा लागतो, कुर्ल्याच्या भंगारात हात घालावा लागतो, किंवा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात नमुना दाखवून ओतकाम करून घ्यावे लागते. साचा बनवण्याचा खर्च एका नगासाठी केल्यास अंगावर येतो. वीस जणांनी मिळून वीस नग मागितले तर तोच खर्च सोसवतो. क्लबाची गरज नेमकी येथे उत्पन्न होते.

असा क्लब काढू इच्छिणाऱ्याने कायद्याला भिऊ नये. १८६० चा संस्था नोंदणी कायदा कमीत कमी सात व्यक्ती, उद्दिष्टे सांगणारे एक विधानपत्र आणि एक नियमावली, एवढ्यावर संतुष्ट होतो. आणि कोणत्या हेतूंच्या संस्था नोंदवता येतील हे सांगणाऱ्या त्याच्या विसाव्या कलमात, वाचनालये आणि वस्तुसंग्रहालये यांच्याच ओळीत, यांत्रिक शोध, उपकरणे आणि आकृत्या यांच्या संग्रहांचाही उल्लेख आहे. मोटारीचा अजून पत्ताही नव्हता अशा काळात कलकत्त्याच्या विधिमंडळाने मोटारवेड्यांसाठी ही खिडकी उघडी ठेवावी, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. महाराष्ट्रात धर्मादाय हेतूने नोंदलेल्या संस्थेस १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या दफ्तरीही रुजू व्हावे लागते. मग दरवर्षी हिशेब तपासनिसाकडून तपासून घेणे आले, आणि कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत बदलाची वर्दी देणे आले. अनेक संस्थांचे घोडे पेंड खाते ते या वर्दीत. जुने चिटणीस निवर्ततात, नव्यांची नावे दफ्तरी चढत नाहीत, आणि बँक सही मानीत नाही.

२०२१ सालच्या केंद्रीय नियमांनी तर क्लबाचे महत्त्व आडवळणाने का होईना पण मान्य केले आहे. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या आणि मूळ सांगाडा, अंग व इंजिन यांत मोठा फेरफार न केलेल्या खासगी गाडीस ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते, तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीस वीस हजार आणि पुनर्नोंदणीस पाच हजार रुपये शुल्क पडते. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे १९६६ च्या ‘फिव्हा’ने, तीस वर्षांची रेषा मानली आहे, आपल्या सरकारने पन्नासाची का मानली हे सरकारच जाणे. मात्र अशी नोंद झालेली गाडी रोजच्या कामासाठी अथवा भाड्याने चालवण्यास मनाई आहे. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांची फेरी, इंधन आणि दुरुस्ती, एवढ्याच निमित्तांनी ती रस्त्यावर येऊ शकते. म्हणजे ज्याला फेरी भरवणारे कोणी नाही, त्याची गाडी कायद्याने सन्मानित होऊनही बहुतेक काळ दाराशीच राहावयाची.

तेव्हा नव्या सभासदाने वर्गणी भरण्यापूर्वी तीन-चार गोष्टींची चौकशी करावी. फेरीला जातेवेळी विम्याची जबाबदारी कोणाची, सामायिक खरेदीचे पैसे कोणाच्या सहीने निघतात, मिस्त्र्यांची यादी लेखी आहे की एकाच्या स्मरणात, आणि सभासद वारल्यावर त्याच्या मुलास कागदपत्र बदलून देण्यास क्लब मदत करतो की नाही. शेवटचा प्रश्न अप्रशस्त वाटेल, पण जुन्या गाड्या भंगारात जातात त्या बहुधा मालकाच्या हयातीत नव्हे, वारसांच्या पहिल्या दोन वर्षांत. वडिलांच्या नावचे पुस्तक, थकलेला कर आणि अंगणातली अडचण, यांपुढे माया टिकत नाही.

आणि नियमावली लिहिताना मुदतीचाही हिशेब करावा. १९७४ च्या पहिल्या पद्मिनींना पन्नास वर्षे २०२४ साली पूर्ण झाली, त्यांची टॅक्सी झालेली शेवटची बहीण गेल्यावर जेमतेम काही महिन्यांत. कारखान्यातून उतरलेल्या अखेरच्या गाड्यांची पाळी २०५० च्या सुमारास येईल. त्या वर्षी गास्केटाचा साचा कोणाच्या कपाटात असेल आणि त्या कपाटाची किल्ली कोणाकडे, एवढे एक कलम पहिल्याच सभेत मंजूर करून घ्यावे.