घराण्याचा माग (लेखांक ६) : मंठेवालीचं नाव

बापाकडून वर चढणं सोपं असतं. आडनाव एकच, गाव बहुधा एकच, शेतही तेच. गेल्या पाच लेखांकांत आपण सातबारा, फेरफार आणि कोतवाल बुकाच्या आधारानं तसे चढत आलो. या वेळी मी बायकोच्या माहेरात शिरलो आणि दुसऱ्याच पायरीवर अडकलो.

माहेर बीबीचं. सिंदखेडराजाहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, लोणार तालुक्यातलं गाव. सासऱ्यांनी त्यांच्या वडिलांकडच्या चार पिढ्या चहा निवायच्या आत सांगितल्या. मग मी विचारलं, तुमची आजी कोण?

"माह्या आजीला समदे मंठेवाली म्हनायचे. नाव? तिचं नाव कोन घेतंय, जावाईबापू!"

म्हणजे हातात फक्त एक गाव उरलं. तेही सरहद्दीपलीकडचं. बीबी वऱ्हाडात. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलं गेलं. मंठा मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिलं. जुनी माणसं त्या मुलखाला अजून मोगलाईच म्हणतात. सोयरिकी या सरहद्दीवरून बिनदिक्कत होत होत्या, बैलगाड्यांतून वऱ्हाडं येत-जात होती. दप्तरं मात्र वेगळी. इकडे मोडी आणि मराठी, तिकडे उर्दू. तिकडची सालंसुद्धा फसली, त्यात साधारण ५९० मिळवले की आपलं साल येतं.

त्यात तालुके-जिल्हे पुन्हा पुन्हा कापले गेले. लोणार पूर्वी मेहकर तालुक्यात, म्हणून बीबीची जुनी नोंद मेहकरलाही विचारावी लागते. मंठ्याचा भाग आज जालना जिल्ह्यात आहे, पण जालना जिल्हाच मुळी १९८१ चा. त्याआधी हा भाग परभणीत होता. गाव जागचं हललेलं नसतं, त्याचं दप्तर तेवढं तीन ठिकाणी फिरलेलं असतं.

ही अडचण आपलीच नाही. बायकोचं घराणं हंगेरीतलं असलेल्या माणसालाही असंच भटकावं लागतं. १९२० च्या ट्रियाननच्या तहात हंगेरीचा सुमारे दोन तृतीयांश मुलूख गेला, त्यामुळे आजेसासूचा जन्म शोधायला स्लोवाकिया किंवा रोमानियाच्या दप्तरखान्यात जावं लागतं आणि तिथं गावाचं नावही बदललेलं सापडतं. गंमत अशी की त्यांच्याकडे आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं आडनाव आधी लिहितात. आणि लग्नानंतर बाईचं नाव पुसायची रीत तर आपल्यापेक्षा पक्की: कोवाच यानोश याची बायको जुन्या रीतीनं नुसती 'कोवाच यानोशने'. तिचं स्वतःचं असं त्यात एक अक्षर नाही. पण १८९५ च्या ऑक्टोबरात तिथं सरकारी जन्मनोंद सुरू झाली, तिच्यात मुलाच्या आईचं माहेरचं नाव लिहितात. आजही हंगेरियन माणसाच्या ओळखपत्रावर ते असतं. त्या एका रकान्यामुळे तिकडचा शोध पुढं सरकतो. आपल्याकडे आईचं नाव कागदोपत्री सक्तीनं यायला २०२४ चा मे उजाडला, आणि तेही पहिलं नाव. तिच्या माहेराला अजून रकाना नाहीच.

कोतवाल बुकात काय असतं? बापाचं नाव, जात, तारीख, आणि पुष्कळदा नुसतं 'एक मुलगी'. मयताच्या नोंदीत 'अमक्याची बायको'. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरवर भिस्त ठेवावी, तर त्या पिढीतल्या मुली शाळेत गेल्याच कुठं? आणि जे मुलगे गेले, ते सगळे गुरुजींच्या कृपेनं १ जूनला जन्मलेले.

मग आईकडचं घराणं जपलं कुणी? लग्न जमवणाऱ्यांनी. सोयरीक बघताना 'मामाचं कूळ कोणतं' हा प्रश्न हमखास येतो, बायोडाट्यातही त्याला स्वतंत्र ओळ असते. लग्नपत्रिका तर त्याहून बोलकी. मामा, मावसे, आत्यांचे यजमान, सगळे गावांसकट. आपण ती देवापुढं ठेवतो आणि वर्षभरात रद्दीत घालतो. घालू नका. सासऱ्यांच्या जुन्या ट्रंकेत त्यांच्या धाकट्या काकांच्या लग्नाची पत्रिका निघाली, कडेला वाळवी लागलेली. काकांचे मामा म्हणजे मंठेवालीचे भाऊच. त्यांचं आडनाव तिच्यात स्वच्छ छापलेलं आहे.

गाव मिळालं, आडनाव मिळालं. आता पैठण. तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वंशावळीच्या वह्या गाव आणि आडनावावरून उघडतात. श्राद्धात आई, आजी, पणजीसाठी पिंड असतो, आईच्या वडिलांच्या तीन पिढ्यांनाही असतो, त्यामुळे सरकारनं न विचारलेली नावं तिथं तरी उच्चारावी लागतात. मंठ्याच्या त्या घरातलं कुणी गोदावरीवर गेलं असेल, तर बहिणीचा उल्लेख मिळण्याची आशा आहे.

सासरे म्हणाले, "मी बी येतो." पुढच्या रविवारी निघतोय. वहीत जे सापडेल, किंवा सापडणार नाही, ते पुढच्या लेखांकात.