कामाआधी धोक्याची पाहणी

घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याने मंचर परिसरातील शेतीचे स्वरूप पालटले. ऊस, कांदा, बटाटा, टोमॅटो ही पिके वाढली. पिकांबरोबर कामे वाढली आणि अपघातांची कारणेही वाढली. बी पेरण्यापूर्वी जमिनीची परीक्षा करणारा शेतकरी, काम सुरू करण्यापूर्वी त्यातील धोक्याची परीक्षा मात्र क्वचितच करतो. ही सवय लावून घेणे अगत्याचे आहे.

यवतमाळचा धडा

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी कपाशी अनेक ठिकाणी डोक्याच्या वर गेली होती. कमरेएवढ्या पिकात औषध खाली पडते. डोक्याएवढ्या पिकात तेच तोंडावर व छातीवर येते. काम तेच, माणूस तोच. परंतु परिस्थिती पालटली आणि धोका वाढला. मंचर-नारायणगाव पट्ट्यात काठी व तारेवर चढविलेल्या टोमॅटोची फवारणी करताना हाच विचार केला पाहिजे. म्हणून पाहणी एकदाच करून भागत नाही. पीक, ऋतू, यंत्र किंवा औषध बदलले की ती पुन्हा करावी.

पाहणीची रीत

प्रथम कामाच्या जागी फिरून काय इजा करू शकेल, ते वहीत लिहावे. दुसरे, ती कोणाला होईल हे पाहावे. मालकाबरोबर मजूर, स्त्रिया व बांधावरची मुले यांचाही विचार व्हावा. तिसरे, इजेचा संभव किती व ती किती गंभीर, यांना प्रत्येकी 1 ते 3 गुण देऊन गुणाकार करावा. हाताला काटा लागण्याचा संभव 3, गांभीर्य 1, म्हणून गुण 3. विहिरीवरील ओल्या पेटीतून विजेचा धक्का बसण्याचा संभव 2, गांभीर्य 3, म्हणून गुण 6. ज्याचे गुण अधिक, त्याचा उपाय आधी. मात्र जिवावर बेतणारा धोका गुण कमी भरले तरी सोडू नये. चौथे, उपाय कोणी व केव्हा करावयाचा ते लिहावे.

उपायांचा क्रम

धोका मुळातूनच दूर करणे हा सर्वांत उत्तम उपाय होय. दिवसा वीज मिळत असेल तर रात्री दारे धरण्यास जाऊ नये. ते शक्य नसल्यास स्टार्टरची पेटी कोरड्या जागी, नीट अर्थिंग करून बसवावी. मळणी यंत्राच्या पट्ट्यावर जाळी लावावी. फवारणी वाऱ्याच्या दिशेने, सकाळी वा सायंकाळी करावी. हातमोजे, मुखपट्टी व चष्मा आवश्यकच. पण ते शेवटचे कुंपण आहे, पहिले नव्हे. औषधाच्या डब्यावरील चौकोनी खुणेचा लाल रंग अतितीव्र विष दर्शवितो. त्याखालोखाल पिवळा, निळा व हिरवा असा क्रम आहे. विषबाधा झाल्यास कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि डब्यासह रुग्णास तत्काळ दवाखान्यात न्यावे.

उसाच्या फडातील काळजी

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत बिबट्याची मादी उसातच पिले वाढविते. तोडणीच्या वेळी तिचा आसरा नाहीसा होतो. त्या वेळी फडाच्या कडेला निजविलेले ऊसतोड मजुराचे मूल सर्वांत अधिक धोक्यात असते. मुलांना एकत्र, उघड्यावर न ठेवता, एका मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली ठेवावे. तोडणी चहूबाजूंनी न करता एका बाजूने करावी, म्हणजे जनावरास निघून जाण्यास वाट राहते. पिले दिसल्यास न उचलता काम थांबवावे आणि वनविभागास 1926 या क्रमांकावर कळवावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक हंगामाच्या आरंभी एखाद्या शेतावर मजुरांसह अशी पाहणी करून दाखवावी. कोठे पाय घसरतो आणि कोणती तार उघडी आहे, हे रोज राबणाऱ्यालाच आधी ठाऊक असते. त्याला विचारण्यास काही खर्च येत नाही. न विचारल्याची किंमत मात्र एखाद्या घराला जन्मभर मोजावी लागते.