स्लाइडचा मथळा संगणकालाही कळायला हवा

चिंचपाडा हे नवापूर तालुक्यातलं, सुरत–भुसावळ रेल्वेमार्गावरचं गाव. शेजारच्या नवापूर स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत आहे. इथल्या एखाद्या शिक्षकानं त्या स्थानकावर वेबसाठी स्लाइड करायच्या ठरवल्या, तर एकाच स्लाइडवर मराठी मजकूर, गुजराती फलक आणि परिसरातल्या मावची बोलीतलं वाक्य एकत्र येऊ शकतं.

देवनागरी दिसली की भाषा संगणकाला आपोआप कळते, असं अनेकांना वाटतं. मराठी, हिंदी आणि देवनागरीत लिहिलेली मावची यांची लिपी एकच, मग तो ओळखणार कशावरून? त्यासाठी एचटीएमएलमध्ये ‘लँग’ हा गुणधर्म आहे. मराठीसाठी ‘एमआर’, गुजरातीसाठी ‘जीयू’, मावचीसाठी ‘एमकेई’. संकेत असला की पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडू शकतो आणि फाँटमध्ये सोय असेल तर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे उमटतात. मावचीचा आवाज हाताशी नसला, तरी तिचा संकेत द्यायलाच हवा. नाहीतर ते वाक्य मराठीत जमा होतं आणि बोलीची नोंदच राहत नाही.

अक्षरं मोठी आणि ठळक केली की मथळा झाला, हाही गैरसमजच. तो डोळ्यांपुरता मथळा; संगणकाला तो मजकुराच्या रचनेतून सांगावा लागतो. एरिक मेयर यांनी २००४ मध्ये केलेल्या ‘एस५’ या प्रणालीत मजकुराची रचना एचटीएमएलमध्ये आणि रूप सीएसएसमध्ये असे. त्यामुळे तीच फाइल पडद्यावर स्लाइड म्हणून आणि कागदावर सलग टिपण म्हणून चाले. २०११ पासूनच्या ‘रिव्हील जेएस’मध्ये प्रत्येक स्लाइड हा एक ‘सेक्शन’ असतो. सेक्शनच्या आत सेक्शन टाकला की मथळ्याची पातळी आपोआप उतरते, हा समज मात्र चुकीचा. तसा नियम एचटीएमएलच्या मानकात होता, पण ब्राउझरांनी तो स्क्रीन रीडरपर्यंत कधी पोचवलाच नाही आणि २०२२ मध्ये तो काढून टाकला गेला. म्हणून सादरीकरणाच्या नावाला ‘एच१’ ही पहिली पातळी आणि पुढच्या स्लाइडच्या मथळ्यांना ‘एच२’ ही दुसरी पातळी स्वतःच द्यावी.

स्लाइडची चित्रं करून पाठवली तरी चालतं, असंही म्हणतात. पण चित्राला पर्यायी मजकूर दिला नसेल, तर स्क्रीन रीडरला त्यात वाचायला काहीच सापडत नाही.

जुन्या श्रीलिपी फाँटमधला मजकूर तर आणखी फसवा. पडद्यावर देवनागरी दिसते, पण फाइलमध्ये साठवलेली असतात भलतीच चिन्हं. त्याला ‘एमआर’ जोडूनही उपयोग नाही. तो आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो.