रेषेला वळण लावताना

गणेशोत्सव मंडळाचे बोधचिन्ह घेऊन एखादा कार्यकर्ता फ्लेक्सच्या दुकानात जातो. चित्र मोबाइलवरून मोबाइलवर फिरत आलेले असते. दुकानदार ते पडद्यावर मोठे करून पाहतो, मान हलवतो आणि ठरलेला प्रश्न विचारतो, ‘सीडीआर फाइल आहे का?’ ती नसली की चित्र ‘फुटणार’ हे ठरलेले! दहा फुटांच्या फलकावर मग बाप्पाच्या सोंडेला पायऱ्या पडतात. हे टाळायचे तर कोणीतरी ते बोधचिन्ह पुन्हा, रेषेरेषेने काढावे लागते, आणि त्याची मजुरी वेगळी मोजावी लागते. ही मजुरी नेमकी कशाची, हे कळण्यासाठी ‘पाथ’ म्हणजे काय हे समजून घ्यायला हवे.

छायाचित्र म्हणजे रंगीत चौकोनांची फरशी. प्रत्येक चौकोन म्हणजे एक पिक्सेल. फरशी मोठी केली की चौकोनही मोठे होतात आणि डोळ्यांना खुपू लागतात. व्हेक्टर पद्धतीत मात्र चित्र साठवले जात नाही, तर ते कसे काढायचे याची कृती साठवली जाते. अमुक बिंदूपासून तमुक बिंदूपर्यंत अशा वळणाने जा, एवढीच ती सूचना असते. संगणक ती दर वेळी नव्याने अमलात आणतो. त्यामुळे तीच रेषा व्हिजिटिंग कार्डावर आणि इमारतीच्या भिंतीवर सारखीच नितळ उमटते.

मोटारीच्या पत्र्यातून आलेले गणित

या वळणाचे गणित चित्रकारांच्या नव्हे, मोटारी बनवणाऱ्यांच्या कारखान्यात जन्मले. मोटारीच्या पत्र्याचा बाक कागदावर नेमका कसा उतरवायचा, हा फ्रान्समधील अभियंत्यांपुढचा प्रश्न होता. लवचीक पट्ट्या आणि साचे यांच्या साहाय्याने काढलेली रेषा यंत्राला सांगता येत नव्हती. सिट्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये त्यावर उपाय शोधला, पण कंपनीने तो गुपित ठेवला. पुढे साठच्या दशकात रेनॉ कंपनीतील पिएर बेझिए यांनी स्वतंत्रपणे तशीच पद्धत विकसित करून प्रसिद्धही केली. साहजिकच या वक्ररेषेला नाव लाभले ते बेझिए यांचे. कास्तेल्जो २०२२ पर्यंत हयात होते. नावाच्या बाबतीत त्यांच्यावर अन्याय झाला, असे म्हणायला हरकत नसावी.

कास्तेल्जो यांची युक्ती वहीच्या पानावरही करून पाहता येते. चार बिंदू घ्या आणि ते क्रमाने तीन सरळ रेषांनी जोडा. प्रत्येक रेषेचा मध्य काढा, म्हणजे तीन मध्यबिंदू मिळतील. ते जोडून होणाऱ्या दोन रेषांचे मध्य काढा. ते दोन जोडा आणि त्या शेवटच्या रेषेचा मध्य घ्या. हा बिंदू वक्ररेषेवरचा. मध्याऐवजी सगळीकडे एक तृतीयांश किंवा एक चतुर्थांश अंतर धरले की वक्ररेषेवरचे दुसरे बिंदू मिळत जातात. पहिल्या व चौथ्या बिंदूतून रेषा प्रत्यक्ष जाते. मधले दोन तिला नुसते आपल्याकडे ओढून घेतात. सॉफ्टवेअरमध्ये नोडला दोन बाजूंना फुटणाऱ्या दांड्या, म्हणजे ‘हँडल’, दिसतात, त्यांची टोके म्हणजेच हे मधले बिंदू. ॲडोबी कंपनीने १९८७ साली बाजारात आणलेल्या ‘इलस्ट्रेटर’मध्ये हे गणित ‘पेन टूल’च्या रूपाने चित्रकाराच्या हाती आले. पुढे फोटोशॉप, कोरल ड्रॉ, गिम्प, इंकस्केप या सर्वांनी तेच तत्त्व स्वीकारले.

माउस हातात घेतल्यावर

तत्त्व समजले म्हणून हात वळतो असे नाही. प्रस्तुत प्रतिनिधीने सरावासाठी ‘ळ’ हे अक्षर निवडले. दोन पोटे, वर दांडी, त्यावर शिरोरेघ. बोरूने काढलेल्या ‘ळ’मध्ये तर रेघ सतत जाड-बारीक होत जाते. पहिल्या प्रयत्नात जिथे शंका आली तिथे क्लिक केले. साठाहून अधिक बिंदू झाले आणि अक्षर उंदरांनी कुरतडल्यासारखे दिसू लागले.

चूक इथेच होते. आपल्याकडे ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्यांना ठिपके आखूनच मिळतात, रेषा तेवढ्या फिरवायच्या असतात. इथे उलट आहे. ठिपका कुठे द्यायचा हेच खरे कौशल्य, रेषा संगणक काढतो. अनुभवी मंडळी वळणाच्या टोकांवर, म्हणजे आकार जिथे सर्वात वर, सर्वात खाली, सर्वात डावीकडे किंवा उजवीकडे पोहोचतो तिथे, बिंदू देतात आणि तिथले हँडल अगदी आडवे किंवा उभे ठेवतात. पूर्ण वर्तुळाला असे चारच बिंदू पुरतात. त्रिज्या १०० धरली तर प्रत्येक हँडल साधारण ५५ लांबीचे असावे लागते. गंमत अशी की, या रेषेने काढलेले वर्तुळ गणिती काटेकोरपणे कधीच वर्तुळ नसते. मात्र फरक त्रिज्येच्या दहा हजारांत तीन भागांपेक्षाही कमी, म्हणजे डोळ्याला न कळणारा!

नुसते क्लिक केले तर कोपरा मिळतो. क्लिक करून बटण न सोडता ओढले तर वळण मिळते. ओढायचे ते रेषा पुढे ज्या दिशेने जाणार आहे त्या दिशेने. नवशिका हमखास फुगवट्याच्या दिशेने ओढतो. हँडलची लांबी पुढच्या बिंदूपर्यंतच्या अंतराच्या सुमारे एक तृतीयांश ठेवली तर वळण सहसा बिघडत नाही. नोडची दोन्ही हँडल एका सरळ रेषेत असतील तर जोड गुळगुळीत होतो. तिथे टोक हवे असेल तर ही जोडी फोडावी लागते. त्यासाठी ओढताना फोटोशॉपमध्ये ‘आल्ट’, तर इंकस्केपमध्ये ‘शिफ्ट’ दाबून धरायचे. शेवटी पहिल्या बिंदूवर परत येऊन पाथ बंद करायचा; गिम्पच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये त्यासाठी ‘कंट्रोल’ दाबून क्लिक करावे लागे. हे विसरले आणि पुढचे क्लिक भलतीकडेच गेले, असे आठवडाभर होते.

दुसऱ्या खेपेस ‘ळ’ तिसाच्या आत बिंदूंत बसला, पण रंग भरताच पोटेही काळी झाली. आतली वर्तुळे बाहेरच्या रेषेशी ‘कंबाइन’ केल्यावर ती मोकळी झाली. दोन वेगळे आकार आणि छिद्र असलेला एकच आकार यांत संगणक फरक करतो, हे हात पोळल्यावरच कळते. विंडोजमुळे घरोघरी पोहोचलेला र. कृ. जोशी यांचा ‘मंगल’ असो की मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’, देवनागरी फॉन्टमधले प्रत्येक अक्षर अशाच बंद रेषांचे बनलेले असते. जोडाक्षरांचा पसारा लक्षात घेतला तर ते किती चिकाटीचे काम असेल, याची कल्पना एका ‘ळ’वरूनही येते.

आता एवढी यातायात कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. साडी नेसलेल्या मॉडेलला पार्श्वभूमीपासून वेगळे करायचे तर आजचे सॉफ्टवेअर ते एका क्लिकमध्ये करते, आणि मोकळे केस तर पेन टूलने नीट सुटतच नाहीत. तिथे पाथचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. चित्रावरून आपोआप रेषा काढून देणारी ‘ट्रेस’ची सोयही जुनीच आहे. पण अंधूक चित्राच्या कडेवरचा प्रत्येक खडबडीतपणा ती आकार समजते आणि शेकडो बिंदू पेरून ठेवते. पडद्यावर ते खपून जाते. गाड्यांच्या नंबरप्लेट आणि काचांवरची नावे कापणाऱ्या रेडियमच्या दुकानात मात्र खपत नाही, कारण तिथल्या यंत्राचे पाते छापत नाही, पाथवरून चालते. बिंदूंची गर्दी असेल तिथे ते अडखळते आणि स्टिकरची कड दातेरी निघते. बोधचिन्ह पुन्हा काढण्याची मजुरी जड वाटणाऱ्यांनी एकदा असा स्टिकर सोलून पाहावा.

आमचा ‘ळ’ तिसऱ्या प्रयत्नानंतर अशाच एका दुकानात लाल रेडियमवर कापून घेतला. काम काही सेकंदांचे होते. उजव्या पोटाखाली पाते क्षणभर थबकले. घरी येऊन फाइल उघडली, तर तिथे एकावर एक असे दोन बिंदू पडलेले होते.