तोंडातलं बाळंतपण

मे महिन्यात ठाण्यातल्या एखाद्या तलावाचं पाणी उतरू लागलं, की काठच्या गाळात ताटाएवढे वाटोळे खळगे उघडे पडतात. ते माशाने तोंडाने उकरलेले असतात. विणीच्या दिवसांत चिलापीचा, म्हणजे तिलापियाचा, नर काळाकुट्ट होतो, गळा पांढरा पडतो, परांच्या कडा लाल होतात. या थाटात तो तोंड भरभरून गाळ उपसतो आणि शेजाऱ्याला हद्दीवरून हुसकावतो. मादी येते, अंडी घालते आणि लगेच ती उचलून तोंडात घेते.

पुढचे दोन-तीन आठवडे तिला जवळजवळ उपासच. पिल्लं बाहेर पडल्यावरही पाण्यात जरा सावली हलली, की सगळी पुन्हा आईच्या तोंडात.

रोहू-कटल्याची मादी लाखांनी अंडी घालते, पण तिला पुराचं वाहतं पाणी लागतं. साठलेल्या तळ्यात ती वीत नाही, म्हणून मत्स्यबीज आणून सोडावं लागतं. चिलापीची अंडी काही शेकडोच. पण ती जगतात, आणि वीण वर्षात अनेकदा होते. तिला एकदा सोडलं की पुन्हा सोडावं लागत नाही. नंतर काढताही येत नाही, ही खरी मेख.

हा मासा आग्नेय आफ्रिकेतल्या नद्यांचा. विल्हेल्म पीटर्स या जर्मन निसर्गतज्ज्ञाने 1852 साली मोझांबिकवरून त्याचं नामकरण केलं आणि बरोब्बर 100 वर्षांनी, 1952 मध्ये, तो भारतात आणला गेला. हेतू सरळ होता : गरिबाच्या ताटात स्वस्त प्रथिनं. पण तळ्यात गर्दी झाली की चिलापीची वाढ खुंटते आणि बोटभर असतानाच ती संसाराला लागते. 1959 मध्ये तिच्या प्रसारावर बंदी आली. तोवर मासा कागदांच्या पुढे निघून गेला होता. आज उजनीच्या जलाशयात चिलापी हेच कित्येकांचं पोट आहे.

मोहन्याकडून येणारी उल्हास नदी कल्याणला दुर्गाडीपाशी खाडी होते. भरती-ओहोटीबरोबर पाण्याचा खारेपणा बदलतो. चिलापीला गोडं काय नि खारं काय, दोन्ही चालतं. इथेच अंबरनाथ-उल्हासनगरचं सांडपाणी घेऊन वालधुनी येते. पाण्यातला प्राणवायू घटला, की चिलापी वर येऊन पृष्ठभागालगतचं पाणी ओढत तग धरते. तिने बाकीचे मासे संपवले, असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धंच खरं. दुसऱ्यांची अंडी ती खाते, जागाही बळकावते. पण घाण पाण्याने हाकललेल्या बोईट-जिताड्याचा गुन्हाही तिच्याच नावावर चढवणं सोयीचं असतं.

बाजारात ती ओळखणं अवघड नाही. अंगावरची आडवी रेघ मध्येच तुटते आणि खालच्या पातळीवर पुन्हा सुरू होते. नाकपुडी दोन्ही बाजूंना एकेकच. ही सिक्लिड कुळाची खूण. डोंबिवलीच्या दिवाणखान्यातले एंजल, ऑस्कर आणि भाग्य उजळावं म्हणून पाळलेला टेंगूळवाला फ्लॉवरहॉर्न, सगळे तिचेच भाऊबंद. त्यांना काचेच्या पेटीत मोटर लावून हवा, आणि हिच्यासमोर नाकाला रुमाल!

भारताचे स्वतःचे सिक्लिड तीनच. त्यांतला कालुंदर गोव्यात आणि मालवणात मानाने तव्यावर चढतो. ब्लॉखने 1790 मध्ये त्याला सुरतेवरून नाव दिलं. त्याच्याकडे नर-मादी मिळून अंडी राखतात. या तिघांचे सर्वांत जवळचे नातलग मात्र मादागास्करात आहेत, समुद्रापलीकडे.

मासळीबाजारात चिलापीच्या वाट्यासमोर गिऱ्हाईक आधी विचारतं, ‘‘मावशी, खाडीची का तलावाची?’’ भाव नंतर. चिखलाच्या वासाची धास्ती असते. जाळ्यात विणीची मादी आली, तर धडपडीत ती तोंडातली अंडी थुंकून टाकते. मग जाळं झटकताना बाजरीएवढे पिवळट दाणे होडीच्या फळीवर पसरतात.