६.७ नॅनोसेकंदांत वाट ठरते

शंभर गिगाबिटच्या एकाच लिंकवर सगळ्यात लहान आकाराची पॅकेट्स पूर्ण वेगाने येऊ लागली, तर सेकंदाला सुमारे १४ कोटी ८८ लाख पॅकेट्स राउटरवर आदळतात. एकेकाच्या वाट्याला ६.७ नॅनोसेकंद. तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम दोन मीटर पुढे सरकतो. आणि पत्ता शोधायचा असतो नऊ लाखांहून अधिक नोंदींच्या तक्त्यात!

इतक्या घाईत राउटर विचार करतच नाही. तो आधीच करून ठेवलेला असतो. मोठ्या राउटरांत पत्ता सगळ्या नोंदींशी एकाच झटक्यात ताडून बघणारी खास मेमरी असते. महाग आणि मोजकीच.

तक्ता भरतो तो नेटवर्कांनी एकमेकांना वाटा कळवण्याच्या बीजीपी या प्रोटोकॉलमुळे. कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी १९८९ साली जेवणाच्या टेबलावर, कागदी नॅपकिनांवर त्याचा आराखडा काढला. आज सत्तर हजारांहून अधिक नेटवर्कं त्यातून एकमेकांना ‘हे पत्ते माझ्याकडून गाठा’ असं कळवत असतात. एकाच ठिकाणी जाणाऱ्या चार वाटा कळल्या की आधी बघितली जाते मालकाची पसंती, आणि ती बहुतेक वेळा पैशावर ठरते. पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाकडून जाता येत असेल, तर पदरचे पैसे मोजून दुसरीकडून कोण जाईल? वाटेत नेटवर्कं किती लागतात, हे त्यानंतर. किलोमीटर तर हिशेबातच नाहीत.

या सगळ्यावर मात करणारा नियम एकच: नोंद जितकी नेमकी, म्हणजे जितक्या कमी पत्त्यांची, तितकी सरस. २४ फेब्रुवारी २००८ ला यूट्यूब देशापुरतं बंद करताना पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबच्याच २५६ पत्त्यांवर हक्क सांगितला. यूट्यूबची नोंद १,०२४ पत्त्यांची होती. हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यूने ती घोषणा जशीच्या तशी पुढे ढकलली आणि जगभरचे राउटर बिनतक्रार पाकिस्तानकडे वळले. ८० मिनिटांनी यूट्यूबनेही २५६ ची नोंद टाकली, सामना बरोबरीत. आणखी ११ मिनिटांनी १२८-१२८ चे दोन तुकडे केले, तेव्हा पारडं फिरलं. पीसीसीडब्ल्यूने खोटी वाट तोडली ती त्यानंतर ४३ मिनिटांनी.

तुकडे करण्याचा हा उपाय फुकट मात्र नाही. प्रत्येक तुकडा जगातल्या प्रत्येक मोठ्या राउटरच्या त्या मोजक्या मेमरीत जागा अडवतो. १२ ऑगस्ट २०१४ ला व्हेरायझनच्या नेटवर्कातून सुमारे १५ हजार जादा तुकडे बाहेर पडले, तक्ता ५ लाख १२ हजारांपलीकडे गेला आणि तेवढ्याच नोंदींसाठी बेतलेले जुने राउटर ठिकठिकाणी कोलमडले.