दोषनिरपेक्ष मोटार-अपघात भरपाई आणि न्याय्य तडजोड : नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

रस्त्यावरील अपघातात कर्त्या माणसाचा मृत्यू झाला म्हणजे त्याच्या कुटुंबापुढे दोन प्रश्न उभे राहतात. अपघात कोणाच्या हयगयीमुळे घडला हा पहिला, आणि यापुढे घर कसे चालावयाचे हा दुसरा. जुन्या कायद्याची धारणा अशी होती की, पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याखेरीज दुसऱ्याचा विचारच करता येत नाही. दोषनिरपेक्ष दायित्वाचे तत्त्व ही साखळी तोडते. वाहन वापरात होते आणि त्यातून मृत्यू अथवा गंभीर दुखापत घडली, एवढे सिद्ध झाले की ठराविक रक्कम देय होते. चूक कोणाची होती हा प्रश्न तेथे उपस्थितच होत नाही.

हे तत्त्व वरकरणी पीडिताच्या हिताचे आहे, आणि बऱ्याच अंशी ते खरेही आहे. परंतु ठराविक रक्कम स्वीकारण्याची किंमत काय, हा प्रश्न मागे उरतोच. ही किंमत भारतीय कायद्यात वेळोवेळी बदलत आली आहे, व सध्या ती पूर्वीपेक्षा अधिक आहे. प्रस्तुत लेखात या बदलाचे स्वरूप आणि विमा कंपनीशी न्याय्य तडजोड करताना त्याचा होणारा परिणाम यांचे विवेचन करावयाचे आहे.

२. तत्त्वाचा विकास

१८५५ च्या घातक अपघात अधिनियमाने मृताच्या निकटच्या आप्तांना नुकसानभरपाईचा हक्क दिला, परंतु तो दुसऱ्याच्या गैरकृत्यावर किंवा हयगयीवर आधारलेला होता. १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाने तृतीय पक्षाच्या जोखमीचा विमा सक्तीचा करण्याची तरतूद केली आणि हा भाग १९४६ पासून अमलात आला. १९५६ च्या दुरुस्तीने असे दावे दिवाणी न्यायालयांतून काढून स्वतंत्र दावा न्यायाधिकरणांकडे सोपविण्याची सोय झाली. मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला तो याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी.

न्यायाधिकरणामुळे कार्यपद्धती सुलभ झाली. दायित्वाचा पाया मात्र जुनाच राहिला. मुंबई उच्च न्यायालयाकडून अपिलात गेलेल्या मिनू मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये हयगय सिद्ध झाल्यावाचून भरपाई देता येत नाही, असे स्पष्ट केले. दरम्यान अन्यत्र विचाराची दिशा पालटत होती. न्यूझीलंडने १९७२ मध्ये अपघात-भरपाईचा सर्वसमावेशक कायदा करून १९७४ पासून तो अमलात आणला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १९७० मध्ये मोटार विम्यापुरती दोषनिरपेक्ष पद्धती स्वीकारली. भारतीय विधी आयोगाने १९८० च्या पंच्याऐंशीव्या अहवालात या विषयाचा परामर्श घेतला. अखेर १९८२ च्या दुरुस्तीने ९२-अ हे कलम कायद्यात आले. मृत्यूसाठी १५,००० रुपये व कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये हयगयीच्या पुराव्यावाचून देय ठरले.

एवढ्या अल्प रकमेसाठीही किती झगडावे लागे, याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले. सातारा जिल्ह्यातील कवठे गावाजवळ २९ ऑक्टोबर १९८७ रोजी पहाटे पेट्रोलचा टँकर ट्रकशी धडकून रस्त्याच्या कडेला उलटला. पेट्रोल गळू लागले, आसपासचे लोक जमले, आणि धडकेनंतर सुमारे चार तासांनी स्फोट होऊन ४६ जण मृत्युमुखी पडले. उलटून पडलेला टँकर ‘वापरात’ नव्हता, सबब ही भरपाई लागू नाही, असा बचाव करण्यात आला. न्यायाधिकरणाने प्रथम दावा अमान्य केला; उच्च न्यायालयाने तो मान्य केला; आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘वाहनाचा वापर’ या शब्दांचा व्यापक अर्थ लावून उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला. तत्काळ साहाय्य म्हणून योजिलेल्या १५,००० रुपयांचा निर्णय व्हावयास जवळजवळ चार वर्षे लागली.

३. अंतरिम साहाय्यापासून अंतिम निकालापर्यंत

१९८८ चा नवा अधिनियम १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याच्या कलम १४० नुसार रक्कम अनुक्रमे २५,००० व १२,००० रुपये झाली. १९९४ च्या दुरुस्तीने ती ५०,००० व २५,००० रुपये करण्यात आली. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयास हवी. कलम १४० ची रक्कम अंतरिम स्वरूपाची होती. ती घेऊनही हयगयीवर आधारलेला मोठा दावा पुढे चालविता येत असे; फक्त अंतिम रकमेतून ती वजा होई.

१९९४ मध्येच कलम १६३-अ दाखल झाले. त्याने वय व उत्पन्न यांच्या कोष्टकावरून दोषनिरपेक्ष भरपाई ठरविण्याची सोय केली. पण वार्षिक ४०,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांपुरती. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दीपल सोनी प्रकरणात ही भरपाई अंतिम स्वरूपाची असल्याचे ठरविले. कलम १६३-अ आणि कलम १६६ यांपैकी एकच मार्ग निवडावा लागे.

२०१९ च्या दुरुस्तीचा विम्याविषयीचा भाग १ एप्रिल २०२२ पासून अमलात आला. त्याने कलम १४० व १६३-अ ही दोन्ही वगळली आणि त्यांच्या जागी नवे कलम १६४ आणले. त्यानुसार मृत्यूसाठी ५ लाख व गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये वाहनमालकाने अथवा विमा कंपनीने द्यावयाचे असून, दावेदाराला कोणाचीही हयगय सांगावी किंवा सिद्ध करावी लागत नाही. मात्र कलम १६६ ला जोडलेल्या परंतुकानुसार, कलम १४९ च्या पद्धतीने कलम १६४ ची भरपाई स्वीकारली की न्यायाधिकरणापुढील दावा संपुष्टात येतो. पूर्वी जी रक्कम मोठ्या दाव्याची पहिली पायरी होती, ती आता त्याचा पर्याय झाली आहे. न्याय्य तडजोडीचा सारा प्रश्न या एका बदलाभोवती फिरतो.

४. दोन मार्गांची तुलना

कलम १६६ खालील भरपाईची गणना सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (२००९) व प्रणय सेठी (२०१७) या निर्णयांनी बरीच निश्चित केली आहे. मृताचे वार्षिक उत्पन्न घ्यावयाचे. त्यात भावी वाढीचा अंश मिळवावयाचा. मृताच्या स्वतःच्या खर्चाचा भाग वजा करावयाचा. आणि उरलेल्या रकमेस वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणावयाचे. स्वतंत्र व्यवसाय किंवा ठराविक पगार असलेल्या व्यक्तीचे वय चाळीसपेक्षा कमी असल्यास वाढ ४० टक्के धरली जाते. विवाहित मृतावर चार ते सहा माणसे अवलंबून असल्यास एकचतुर्थांश वजावट होते. ३१ ते ३५ वयोगटास १६ हा गुणक लागू होतो.

केवळ स्पष्टीकरणार्थ एक उदाहरण घेऊ. चौतीस वर्षांचा शेतमजूर, मासिक उत्पन्न १०,००० रुपये, मागे पत्नी, दोन मुले व आई. वार्षिक उत्पन्न १,२०,०००, वाढीसह १,६८,०००, एकचतुर्थांश वजा जाता १,२६,०००, त्यास १६ ने गुणिले असता २०,१६,००० रुपये होतात. सहवासहानी, संपदाहानी व अंत्यविधीचा खर्च यांच्या ठराविक रकमा याशिवाय मिळावयाच्या. कलम १६४ ची रक्कम यापुढे पाव हिश्श्याइतकीच भरते.

यावरून कलम १६४ सदैव त्याज्य आहे, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. अपघात सर्वस्वी मृताच्याच चुकीने घडला असे सिद्ध झाल्यास कलम १६६ खाली काहीही मिळत नाही. दोष दोन्हीकडे निम्मा निम्मा ठरल्यास वरील उदाहरणातील रक्कम १०,०८,००० रुपये होते. म्हणजे तीही ठराविक रकमेच्या दुपटीहून थोडी अधिक. दुसऱ्या शब्दांत, या उदाहरणात हयगय सिद्ध होण्याची शक्यता चारांत एकाहून अधिक असेल, तर विचार करण्यास कारण आहे. पुराव्याचे मानही फौजदारी खटल्याइतके कडक नाही; अधिसंभाव्यतेचा निकष पुरेसा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये बिमलादेवी प्रकरणात सांगितले आहे. विलंबाची हानी काही अंशी व्याजाने भरून निघते. उलटपक्षी मृत व्यक्ती वयोवृद्ध असेल, अवलंबून असणारे थोडे असतील आणि दोषाचा पुरावा दुर्बल असेल, तर ५ लाखांचा निश्चित स्वीकार हाच शहाणपणाचा मार्ग होय.

गृहिणीच्या मृत्यूत उत्पन्न शून्य धरून तडजोड मांडणे हे मुळातच अन्याय्य आहे. गृहिणीच्या श्रमाचे कल्पित उत्पन्न धरावयास हवे, हे २०२१ च्या कीर्ती प्रकरणातील निर्णयाने पुनश्च प्रतिपादिले. दुखापतीच्या दाव्यात अपंगत्वाच्या वैद्यकीय टक्केवारीपेक्षा उपजीविकेच्या क्षमतेत आलेली घट महत्त्वाची ठरते, असे २०११ च्या राजकुमार प्रकरणात सांगितले गेले. एक पाय गमावलेल्या लेखनिकाची व तशाच ऊसतोड कामगाराची हानी एकसारखी असू शकत नाही.

५. नांदेड-लातूर परिसरातील विशेष प्रश्न

तुळजापूरहून लातूर, अहमदपूर, नांदेडमार्गे विदर्भाकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाने या दोन्ही जिल्ह्यांची वाहतूक एका सूत्रात गुंफली आहे. लातूरच्या बाजारपेठेकडे येणारा शेतमाल, शिकवण्यांसाठी येणारे विद्यार्थी, नांदेडच्या गुरुद्वाऱ्यास जाणारे यात्रेकरू आणि हंगामात पश्चिम महाराष्ट्राकडे निघणारे ऊसतोड मजूर यांच्या वाहनांचे प्रकार भिन्न आहेत. त्यामुळे विम्याचे प्रश्नही भिन्न आहेत.

यांपैकी मजुरांचा प्रश्न सर्वांत बिकट आहे. मालवाहू वाहनातून विनामूल्य प्रवास करणाऱ्यांची जोखीम विमा कंपनीवर येत नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी व बलजित कौर (२००४) या प्रकरणांत मान्य केली. परंतु मजूर हा वाहनमालकाचा कामगार ठरला, तर कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याखालील मर्यादेपर्यंत त्याची जोखीम विम्यात येते. तो मालाचा मालक अथवा त्याचा प्रतिनिधी ठरला, तरीही येते. म्हणून ट्रॉलीत बसलेला माणूस तेथे कोणत्या नात्याने होता, याची नोंद पहिल्या जबाबात कशी झाली, यावर पुढील भरपाई अवलंबून राहते. ‘फुकट बसला होता’ हे घाईत लिहिलेले तीन शब्द कुटुंबास फार महाग पडतात. मुकादमाचा हिशेब व दिलेल्या उचलीची नोंद हा अशा वेळी उपयुक्त पुरावा होय. एकाच अपघाताबद्दल कामगार भरपाई व मोटार अधिनियमाखालील भरपाई यांपैकी एकच मागता येते, हेही विसरता कामा नये.

दुसरा मुद्दा स्थळाचा. पूर्वी दावा अपघातस्थळीच दाखल करावा लागे. १९९४ पासून दावेदाराला आपल्या निवासस्थानाच्या न्यायाधिकरणाकडेही जाता येते. कोल्हापूर जिल्ह्यात मृत्यू पावलेल्या मजुराची पत्नी लातूर किंवा नांदेड येथे दावा दाखल करू शकते. परजिल्ह्यात हेलपाटे घालावे लागतील या भीतीने तिने अपुरी रक्कम पत्करण्याचे कारण नाही.

तिसरा मुद्दा राज्य परिवहनाच्या गाड्यांचा. स्वतंत्र निधी उभारणाऱ्या सार्वजनिक परिवहन उपक्रमांना सक्तीच्या विम्यातून सूट देण्याची तरतूद कायद्यात आहे. तेथे वाटाघाटी विमा कंपनीशी नव्हे, तर प्रत्यक्ष त्या उपक्रमाशी होतात.

६. तडजोडीची पद्धती

अपघाताची माहिती मिळताच विमा कंपनीने एक अधिकारी नियुक्त करावयाचा असतो. २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत प्रथम, ५० दिवसांत अंतरिम व ९० दिवसांत सविस्तर अपघात-अहवाल द्यावयाचा असतो. सविस्तर अहवालानंतर तीस दिवसांत कंपनीचा अधिकारी न्यायाधिकरणापुढे तडजोडीचा प्रस्ताव मांडू शकतो. दावेदाराने तो स्वीकारल्यास त्याची नोंद होऊन दावा संमतीने निकाली निघतो व पुढील तीस दिवसांत रक्कम द्यावी लागते; नाकारल्यास गुणावगुणांवर सुनावणी होते. नाकारण्याने हक्क बुडत नाही, ही गोष्ट पुष्कळ कुटुंबांना ठाऊक नसते.

प्रस्तावाची परीक्षा करताना चार गोष्टी पडताळाव्यात : धरलेले उत्पन्न, मिळविलेली भावी वाढ, अवलंबून असणाऱ्यांची संख्या, आणि मृताकडे लावलेल्या दोषाचा वाटा. रक्कम कमी होते ती बहुधा यांपैकी एखाद्या ठिकाणी. म्हणून कंपनीकडून केवळ एकूण आकडा न घेता त्याची फोड मागावी. पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, विमापत्र व चालकाचा परवाना यांच्या प्रती, सात-बारा उतारा, मजुरीच्या नोंदी, शिधापत्रिका ही कागदपत्रे आधीच जमविलेली असावीत. चालकाचा परवाना सदोष असल्याचा आक्षेप आला तरी तेवढ्याने बोलणी संपत नाहीत. २००४ च्या स्वर्णसिंग प्रकरणापासून अनेक निर्णयांत, कंपनीने आधी पीडितास रक्कम द्यावी व मग मालकाकडून वसूल करावी, असा मार्ग न्यायालयांनी अनुसरला आहे.

दोन इशारे आवश्यक आहेत. लोकअदालतीतील तडजोड शीघ्र व बिनखर्चाची असते, परंतु १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार तिच्यावर अपील नाही. तेव्हा गणना तेथे जाण्यापूर्वीच झालेली असावी. दुसरे असे की, २०१९ च्या दुरुस्तीने दाव्यास अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. या मुदतीच्या वैधतेस सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले असले, तरी त्या भरवशावर विलंब करणे धोक्याचे आहे. वाटाघाटी चालू आहेत, एवढ्यावरून दावा दाखल करणे लांबणीवर टाकू नये.

रक्कम ठरल्यानंतर ती कोणाच्या हाती व कशी पडते, हाही न्यायाचाच भाग होय. अज्ञान मुले व निरक्षर वारस यांचा हिस्सा मुदत ठेवीत सुरक्षित ठेवावा, असे मार्गदर्शन १९९४ च्या सुसम्मा थॉमस प्रकरणात झाले आहे. विधवेच्या नावची रक्कम दीर-सासऱ्यांच्या कर्जफेडीत जिरून जाऊ नये, यासाठी ही व्यवस्था मोलाची आहे.

७. समारोप

दोषनिरपेक्ष दायित्वाने पीडिताला पुराव्याच्या ओझ्यातून मुक्त केले, हे त्याचे खरे यश. परंतु अंतरिम साहाय्य व अंतिम भरपाई यांतील भेद २०२२ पासून पुसला गेल्याने, ज्याला पैशाची सर्वाधिक निकड आहे त्यालाच अल्प रकमेवर सही करण्याचा मोह अधिक होतो. कलम १४० च्या काळी गरजू कुटुंब आधी आधार घेऊन मग न्याय मागू शकत असे. आता त्याला दोहोंतून एकाची निवड करावी लागते. ही निवड डोळसपणे व्हावी यासाठी गणनेचे ज्ञान दावेदारापर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे. नांदेड व लातूर येथील न्यायाधिकरणांपुढे कलम १६४ खाली किती दावे कोणत्या परिस्थितीत मिटले, आणि त्याच कुटुंबांना कलम १६६ खाली काय मिळू शकले असते, याचा पद्धतशीर अभ्यास पदव्युत्तर संशोधकांनी हाती घेण्याजोगा आहे. अशा अभ्यासावाचून नव्या तरतुदीचे मूल्यमापन केवळ तर्कावर राहील.